कुंडीतल्या मातीत उगवलेली बुरशी ओळखायची कशी?

पावसाची झड लागली की गच्चीतल्या आणि बाल्कनीतल्या कुंड्यांत काही ना काही उगवतंच. कुठे पिवळीधमक छत्री, कुठे मातीवर पांढरा कापूस, कुठे खोडाच्या बुडाशी मोहरीएवढे दाणे. या सगळ्यांवर एकच उपाय सांगितला जातो, तो म्हणजे बुरशीनाशक ओता. प्रत्यक्षात यातल्या बहुतेक बुरशा झाडाच्या वाटेला जात नाहीत. त्या कुंडीतलं अर्धवट कुजलेलं शेणखत, कोकोपीट, लाकडाचा भुसा खात असतात. मोजक्या एक-दोन मात्र उभं झाड आठ-दहा दिवसांत आडवं करतात. तेव्हा आधी ठरवायचं ते हे, की ही बुरशी खतावर जगतेय की झाडावर? नावाचं नंतर बघू. रंगावरून याचा पत्ता लागत नाही. ती कुठून निघाली आणि तिचं बूड कशात रुतलंय, यावरून लागतो.

हाताशी काय हवं

दहा पट मोठं दाखवणारं भिंग (घड्याळजींचं चालतं), मिलिमीटरची पट्टी, चिमटा, ब्लेड, जुना चमचा, एक पांढरा आणि एक काळा कागद, आणि झाकायला काचेची वाटी. कोरडी, भुकटी उडणारी बुरशी असेल तर तोंडाला मास्क लावा. दमा असलेल्याने हे काम दुसऱ्या कुणावर सोपवावं.

वेळ सकाळचीच. कुंडीतल्या कित्येक छत्र्या दुपारपर्यंत मान टाकतात आणि मग त्यांचं काहीच धड दिसत नाही. उपटण्याआधी तीन फोटो काढा. एक वरून, एक बाजूने आणि एक मोबाइल मातीला टेकवून खालच्या बाजूचा. फोटोत पट्टी दिसायला हवी.

पायरी 1 : ही बुरशीच आहे ना?

निम्म्या शंका इथेच मिटतात. मातीवर आणि कुंडीच्या काठावर पांढरा थर दिसतो तो बऱ्याचदा खार असतो. बोअरचं पाणी घालणाऱ्यांच्या कुंड्यांत तर हमखास. त्यावर पाण्याचे चार थेंब टाका. खार विरघळतो किंवा निदान पांढरेपणा जातो. चुनखडीचा थर पाण्याने हटत नाही, पण व्हिनेगर टाकलं की बारीक बुडबुडे येतात. बुरशी ओली झाली की चिकटून चपटी होते, आणि भिंगाखाली तिचे धागे स्पष्ट दिसतात. खाराचे दिसतात ते खडे.

मुळांवर किंवा कुंडीच्या आतल्या भिंतीला पांढरे कापसाचे पुंजके असतील तर पिठ्या ढेकूण आठवा. कानकोरणीचा कापूस स्पिरिटमध्ये बुडवून पुंजक्याला लावा. मेण विरघळून आत गुलाबी किंवा पिवळसर किडा दिसला तर विषय बुरशीचा नाही. एकसारख्या आकाराचे गुळगुळीत पिवळे-तपकिरी मणी हे सावकाश सुटणारं खत असू शकतं. रोपवाटिकेतून आणलेल्या झाडांत ते असतंच. मणी चिमटीत दाबला की कवच फुटून ओलसर द्रव निघतो किंवा नुसतं रिकामं टरफल उरतं. पांढरे, हलके, दाबल्यावर चुरा होणारे खडे म्हणजे पर्लाइट. मातीत एक-दोन इंचांवर दुधी मोत्यांसारखा घोस मिळाला तर ती गोगलगायीची अंडी. हिरवा बुळबुळीत थर शेवाळाचा. त्याचा अर्थ एवढाच की वरची माती सतत ओली राहतेय.

पायरी 2 : जागा बघा

बुरशी मातीच्या मोकळ्या पृष्ठभागावर आहे, एखाद्या काडीवर किंवा सालीच्या तुकड्यावर आहे, कुंडीच्या तळाच्या भोकातून बाहेर आलीय, की थेट खोडाला बिलगलीय? पहिल्या तीन जागांना सहसा घाई नाही. चौथीला आजच्या आज हात घालायचा.

खोडाभोवतीची माती चमच्याने हळूच दोन-तीन सेंटिमीटर बाजूला करा. साल नखाने खरवडा. हिरवट, घट्ट, कोरडी असेल तर झाड ठीक आहे. तपकिरी पडली असेल, ओली लागत असेल, बोटाने मोज्यासारखी सुटून येत असेल तर बुरशी झाडात शिरली आहे.

पायरी 3 : बुडासकट काढा

छत्री वरून मोडू नका. चमचा तिरका घालून चार-पाच सेंटिमीटर खोलीपर्यंतची माती तिच्यासह उचला आणि पांढऱ्या कागदावर पसरा. बघायचं ते असं. देठाचं बूड फुगीर आहे की सरळ? बुडाशी पातळ पिशवी किंवा वाटी आहे का? देठावर वलय आहे का, आणि ते वर-खाली सरकतं का? मातीत धागे कोणत्या रंगाचे आहेत आणि ते कशाला चिकटलेत, शेणाच्या गोळ्याला, नारळाच्या शेंडीला, की मुळाला? बुडाशी पिशवी निघाली तर त्या बुरशीला खाण्याच्या नजरेने बघूच नका. जगातल्या सर्वांत विषारी छत्र्यांचं हे एक लक्षण आहे. तांदळाच्या पेंढ्यावरच्या भाताळी अळंबीलाही अशीच पिशवी असते, म्हणून तर गोंधळ होतो.

पायरी 4 : बीजाणूंचा (बुरशीच्या बियांसारख्या भुकटीचा) ठसा

छत्रीसारख्या बुरशीचा गट ठरवायचा तर यापेक्षा खात्रीचा घरगुती मार्ग नाही. पांढरा आणि काळा कागद शेजारी शेजारी ठेवून वर काचेचा तुकडा ठेवा. नुकतीच उघडलेली छत्री घ्या, देठ ब्लेडने टोपीला लागून कापा, कल्ले (टोपीच्या खालच्या बाजूच्या पातळ उभ्या पट्ट्या) खाली करून टोपी दोन्ही कागदांच्या मध्यावर येईल अशी ठेवा. टोपीवर पाण्याचा एक थेंब टाका आणि वाटी पालथी घाला. 6 ते 12 तासांत काचेवर भुकटीचा ठसा उतरतो.

ठसा उतरला नाही तर कारण बहुधा या तिघांतलं एक असतं. टोपी कळी अवस्थेत होती, आधीच सुकली होती, किंवा वाटीची कड उचललेली राहून पंख्याचा वारा लागला. कल्ल्यांच्या रंगावरून ठशाचा रंग गृहीत धरू नका. कोवळेपणी अनेकांचे कल्ले पांढरेच असतात.

पांढरा ठसा म्हणजे बहुतेकदा ल्यूकोकोप्रायनस, म्हणजे पुढे येणारी पिवळी छत्री आणि तिच्या बहिणी. गुलाबीसर असेल तर भाताळी किंवा तिच्या नात्यातली. गंजासारखा तपकिरी कोनोसायबीचा. गडद चॉकलेटी असेल तर बटन मशरूमच्या जातकुळीतली किंवा इतर काही. काळा ठसा शाईछत्र्यांचा किंवा शेणावरच्या पॅनिओलसचा. आणि मळकट हिरवा ठसा एकाच बुरशीचा, तिच्याबद्दल पुढे.

पिवळी छत्री

लोक सर्वांत जास्त फोटो काढतात ती हीच, ल्यूकोकोप्रायनस बर्नबाउमी. सुरुवात मातीतून वर येणाऱ्या पिवळ्या काड्यांनी होते. डोकं अंडाकृती, देठापेक्षा थोडंसंच जाड. दोन दिवसांत डोकं घंटेच्या आकाराचं होतं, मग छत्री पसरते, साधारण अडीच ते पाच सेंटिमीटर रुंद. काठाला बारीक उभ्या चुण्या असतात आणि वर सुटी, बोटाला लागणारी पिवळी पूड. कल्ले फिकट पिवळे. टोपी उभी चिरली तर कल्ले देठाला न टेकता थोडं अंतर राखून थांबलेले दिसतात. देठ बारीक, बुडाशी फुगलेला, त्यावर नाजूक वलय. पण ते पावसात गळून जातं, म्हणून नसलं तरी घाबरू नका. सगळं अंग पिवळं असूनही ठसा पांढराच पडतो, हे विसरायचं नाही.

माती उकरली की पिवळसर धाग्यांत गुंतलेले बारीक पिवळे-पांढरे गोळे सापडतात. ही तिची पुढच्या मोसमाची बेगमी. छत्र्या उपटूनही पुन्हा पुन्हा का येतात, याचं उत्तर त्या गोळ्यांत आहे. लोक यांना किड्यांची अंडी समजतात. पण अंडी सुटी किंवा एका घोसात असतात, हे गोळे धाग्यांना जोडलेले असतात.

ही मूळची उष्ण प्रदेशांतली. इंग्लंडात 1785 मध्ये ती हॅलिफॅक्सजवळ अननसासाठी तापवलेल्या काचघरात दिसली होती, आणि 1839 साली ऑगस्ट कॉर्डा यांनी बर्नबाउम नावाच्या उद्यान-निरीक्षकाच्या नावावरून तिचं नाव ठेवलं तेव्हाही ती प्रागच्या काचघरात अननसांमध्येच उगवली होती. थंड देशांत ती आजही काचघरात किंवा घरातल्या कुंडीतच भेटते. त्यामुळे तिकडे राहणाऱ्या मराठी घरांत भर जानेवारीत तुळशीच्या कुंडीत ती उगवली तर नवल नाही. हीटर लावलेली खोली तिला मानवते. आपल्याकडे पावसाळ्यात ती उघड्यावरही येते.

झाडाला तिचा उपद्रव नाही. पोटात गेली तर मात्र पोट बिघडवते.

तिच्यासारख्याच दिसणाऱ्या दोन बहिणी आहेत. ल्यूकोकोप्रायनस फ्रॅजिलिसिमस फिकट हिरवट-पिवळी, इतकी तलम की कल्ले वरून मोजता यावेत. हात लावताच कोसळते. ल्यूकोकोप्रायनस सेपिस्टायपीस पांढरी, मध्यभागी तपकिरी, झुबक्याने येते आणि भुसा किंवा लाकडाचे तुकडे घातलेल्या कुंडीत रमते. पावसाने पूड धुतली गेलेली म्हातारी पिवळी छत्री या पांढरीसारखी दिसते. अशा वेळी शेजारची कोवळी कळी बघा. कळीचा रंग फसवत नाही.

मोहरीचे दाणे

मन लावून शिकावी अशी बुरशी ही एकच आहे, कारण ही झाड मारते. स्क्लेरोशियम रोल्फ्साय. शेतकरी तिला भुईमुगातल्या खोडकुजीमुळे ओळखतात. कुंडीत ती टोमॅटो, मिरची, वाल, झेंडू अशांवर जास्त दिसते. 25 ते 35 अंश तापमान आणि ओल मिळाली की तिला ऊत येतो, म्हणजे आपला जून ते ऑक्टोबर.

पहिलं लक्षण मातीवर नाही, झाडावर दिसतं. दुपारी पानं मलूल होतात, संध्याकाळी सावरतात, दोन-तीन दिवसांनी सावरत नाहीत. आपण समजतो पाणी कमी पडलं आणि आणखी पाणी घालतो. तिला तेच हवं असतं. बुडाशी बघितलं तर खोडावर चढत गेलेले जाड, रेशमासारखे चमकणारे पांढरे धागे पंख्याच्या आकारात पसरलेले दिसतात. जवळच्या गळलेल्या पानांवरही ते पसरतात. काही दिवसांत त्या धाग्यांवर पांढरे ठिपके, ते मग फिकट बदामी आणि शेवटी तपकिरी गोल दाणे, अर्धा ते दोन मिलिमीटरचे.

दाणा ब्लेडने चिरा. बाहेर पातळ तपकिरी कवच आणि आत पांढरट गर असेल तर शंका उरत नाही. तरी खात्री करायची असेल तर पाच-सहा दाणे ओल्या टिश्यूवर ठेवून झाकणाच्या डबीत घरातच ठेवा. जिवंत दाण्यांतून बहुतेकदा दोन ते पाच दिवसांत पांढरे धागे फुटतात. डबी नंतर उकळत्या पाण्यात रिकामी करा, सिंकमध्ये किंवा बागेत नव्हे.

पिवळ्या छत्रीचे गोळे आणि हे दाणे यांत घोळ होतो. तिचे गोळे मातीच्या आत, पिवळसर, दाबले तर मऊ. स्क्लेरोशियमचे दाणे मातीच्या वर किंवा खोडाला लागून, तपकिरी, टणक, गुळगुळीत.

झाड मारणारीच पण वेगळी तक्रार म्हणजे ट्रेमधली कोवळी रोपं रातोरात कोलमडणं. तिथे खोड मातीलगत चिमटून दोऱ्यासारखं होतं आणि वर बुरशी फारशी दिसतही नाही. ते पिथियम किंवा रायझोक्टोनिया या मातीतल्या रोगजीवांचं काम. डोळ्यांनी दोन्हींत फरक करणं अवघड आहे; उपाय मात्र एकच, पाणी कमी आणि हवा जास्त.

पांढरा-करडा कापूस

निंबोळी पेंड किंवा शेंगदाण्याची पेंड मातीवर नुसती भुरभुरवली की दोन ते चार दिवसांत वर लव येते. भिंगातून पाहिलं तर प्रत्येक धाग्याच्या टोकाला काळं टाचणीचं डोकं दिसतं. ही ब्रेडवर येणाऱ्या बुरशीच्या कुळातली, पेंडीतलं खाद्य संपलं की आठवड्या-दहा दिवसांत आपोआप विरते. चूक पेंड घालण्याच्या पद्धतीत आहे. बारा इंची कुंडीला एक मूठ पुरे, आणि ती वरच्या तीन-चार सेंटिमीटर मातीत मिसळून टाकायची. ढीग केला तर कुजताना उष्णता आणि अमोनिया सुटून वरची बारीक मुळं भाजतात, आणि दोष बुरशीवर येतो.

पांढऱ्या लवेत हिरवे पुंजके उमटले असतील आणि तुम्ही नुकतंच शेणखतातून ट्रायकोडर्मा घातलं असेल, तर ती तुम्हीच पैसे देऊन आणलेली मित्रबुरशी आहे. तिच्यावर कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक फवारणारेही आहेत.

पेले आणि घरटी

शेणखत घातलेल्या कुंडीत पाच ते दहा मिलिमीटरचे उभे पेले दिसले तर खाली वाकून बघा. बाहेरून तपकिरी, केसाळ. कोवळे असताना तोंडावर पांढरट पापुद्रा ताणलेला. पापुद्रा फाटला की आत काळ्या चपट्या गोट्या. ही पक्ष्याच्या घरट्यासारखी दिसणारी सायथस. पावसाचा थेंब नेमका पेल्यात पडला की गोटी बाहेर उडते आणि जवळच्या पानाला, भिंतीला चिकटते. पानांवर अचानक काळे ठिपके आले, ते नखाने सुटे निघाले आणि खाली पान निरोगी असलं, तर रोग शोधत बसण्याआधी कुंडीत पेले आहेत का बघा.

आत काहीच नसलेला, तपकिरी, मेणचट, एक-दोन सेंटिमीटरचा चपटा पेला पेझायझाच्या गटातला. पिकलेल्या पेल्यावर हलकी फुंकर मारली तर बीजाणूंचा धूर उडतो. निरुपद्रवी.

शाईछत्र्या, कोनोसायबी आणि हिरवा ठसा

करड्या, चुण्यांच्या, एक ते चार सेंटिमीटरच्या, सकाळी ताठ आणि दुपारी गळालेल्या छत्र्या शाईछत्र्यांच्या गटातल्या. काहींचे कल्ले काळी शाई होऊन ठिबकतात. त्यांच्यासारखीच पण न विरघळणारी, शेणाच्या गोळ्यातून निघणारी, ज्यांच्या कल्ल्यांवर काळे-करडे डाग असतात ती पॅनिओलस. टोकदार टोपीची, सुतासारख्या देठाची, तपकिरी ठशाची कोनोसायबी दिसायला अगदी गरीब. पण तिच्या जवळच्या नात्यात यकृत निकामी करणारं विष असलेल्या जाती आहेत. घरात रांगतं मूल असेल तर ही दिसताक्षणी काढायची.

मोठ्या ड्रममध्ये किंवा लॉन लावलेल्या ट्रेमध्ये 10-20 सेंटिमीटरची पांढरी, मध्ये तपकिरी खवल्यांची, देठावर सरकतं जाड वलय असलेली छत्री आली तर ती क्लोरोफायलम मॉलिब्डायटिस असण्याची शक्यता मोठी. कल्ले आधी पांढरे, नंतर हिरवट, ठसा हिरवा. दिसायला खाण्याजोगी वाटते आणि खाल्ल्यावर दोन-तीन तासांत उलट्या-जुलाबांनी हैराण करते. पावसाळ्यात कोकणात आणि गोव्यात आवडीने खाल्ली जाणारी अळंबी वारुळाच्या आसपास, वाळवीच्या आधारावर वाढते. तिचं लांब मूळ खाली वारुळापर्यंत जातं. ती कुंडीत येत नाही. तेव्हा कुंडीतलं काहीही खायचं नाही. यात अपवाद शोधू नका, आणि फोटो बघून नाव सांगणाऱ्या ॲपच्या भरवशावर तर मुळीच नाही.

फेस

एका रात्रीत मातीवर, कुंडीच्या काठावर पिवळा फेस चढला तर ती फ्युलिगो सेप्टिका. ही बुरशी नव्हेच, स्लाइम मोल्ड म्हणजे सरकत पसरणारा वेगळाच जीव आहे. काठाशी आगपेटीची काडी रोवून ठेवा. ओली असेतो बारा तासांत ती जागा बदललेली दिसते. बुरशी अशी सरकत नाही. सुकली की वर कवच आणि आत काळपट भुकटी. पाण्याच्या फवाऱ्याने फोडू नका, भुकटी सगळीकडे जाते. ओली असतानाच चमच्याने उचला.

ओळखल्यावर काय करायचं

खतावर जगणाऱ्या बुरशीला औषध नको. मुलं किंवा मांजर-कुत्रं असेल तर टोपी उघडण्याआधी छत्र्या काढून पिशवीत बांधा. वरची दोन सेंटिमीटर माती सैल करा आणि ती सुकल्यावरच पुन्हा पाणी द्या. एक गोष्ट मात्र तपासा. कोकोपीटमध्ये धागे फार दाटले की ते पाणी धरत नाही. पाणी घातल्या घातल्या कडेने वाहून तळातून निघत असेल तर कुंडी अर्धा तास पाण्याच्या टबात बसवा. अशा कुंडीत बुरशी असूनही झाड वाळतं ते तहानेने. ताजा भुसा घातलेल्या कुंडीत खालची पानं पिवळी पडली तर भुसा कुजवणारे जीव नत्र ओढून घेताहेत. तिथे पातळ केलेलं गोमूत्र किंवा शेणपाणी उपयोगी पडतं.

मोहरीच्या दाण्यांचं मात्र वेगळं. झाड निम्म्याहून जास्त मान टाकून बसलं असेल तर वाचवायच्या भानगडीत पडू नका. बुडाभोवतीची पाच-सहा सेंटिमीटर माती आणि गळलेली पानं यांसह ते उचला, पिशवीत घट्ट बांधून कचऱ्यात द्या. खताच्या ढिगात टाकलं तर पुढच्या वर्षी सगळ्या कुंड्यांत दाणे वाटले म्हणून समजा. आजूबाजूच्या कुंड्यांना ट्रायकोडर्मा पावडर लिटरला 5 ग्रॅम या प्रमाणात मिसळून बुडाशी घाला; पाकिटावर वेगळं प्रमाण असेल तर ते पाळा. या बुरशीवर कार्बेन्डाझिमचा फारसा भरवसा नाही, शिवाय ते ट्रायकोडर्मालाही मारतं, म्हणून दोन्ही एकत्र कधीच नकोत. उरलेली माती कोरडी करून ठेवा आणि एप्रिल-मेमध्ये ओलसर करून, 10 ते 15 सेंटिमीटर जाडीचा थर पारदर्शक प्लास्टिकखाली घट्ट झाकून चार ते सहा आठवडे उन्हात तापवा.

कुणी कुंडीतली छत्री तोंडात घातलीच तर उरलेला तुकडा आणि मातीतलं बूड कागदात गुंडाळून (प्लास्टिकमध्ये कुजतं) डॉक्टरांकडे न्या, किती वाजता खाल्लं ते सांगा. लक्षणं सहा तासांनंतर सुरू झाली तर ते जास्त गंभीर धरतात, म्हणून बरं वाटतंय म्हणून थांबू नका.

जाणकाराला दाखवायची असेल तर नमुना पंख्याखाली पूर्ण वाळवून कागदी पाकिटात ठेवा आणि पाकिटावर तारीख, झाड, कुंडीत घातलेलं खत, ठशाचा रंग आणि ती खोडापासून किती अंतरावर उगवली होती ते लिहा. जातीपर्यंतची खात्री बहुतेकदा सूक्ष्मदर्शकाखालीच होते, आणि वाळलेल्या नमुन्यातले बीजाणू त्यासाठी नंतरही तपासता येतात.